कर्नल, बूट आणि नवरदेवाची खोली

“आजारी मशीन असेल तर मेकॅनिक बोलवा. पण मशीन गुन्हेगार असेल, तर धर्माजी पाटील! यंत्रांच्या पोटातली पापं हुडकणारा या किनाऱ्यावरचा पहिला आणि, माझ्या माहितीप्रमाणे, शेवटचा गुप्तहेर.”

हे वाक्य धर्माजी रोज सकाळी दुकानाचं शटर वर करता करता म्हणत. शटर मध्येच अडके, त्यामुळे वाक्यही दोन हप्त्यांत पुरं होई. नागावच्या रस्त्याकडेच्या त्या दुकानात खरं तर मोबाइल, मिक्सर आणि टीव्ही दुरुस्त होत. पण धर्माजींनी पाटीवरचा ‘दुरुस्ती’ शब्द पुसून तिथे ‘तपास’ रंगवून घेतला होता. तेव्हापासून लोक मिक्सर आणायला जरा बिचकत.

रुचिता त्यांची सहाय्यक. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती इथे नोकरीला लागली, तेव्हा आपण मशीनं दुरुस्त करणार, असा तिचा समज होता. आता ती मुख्यतः साहेबांना दुरुस्त करी. जमेल तेवढं.

त्या दिवशी शटर अडकलेलं असतानाच हितेश धावत आला. हितेशचा समुद्राजवळ नवाकोरा होमस्टे होता.

“धर्माजीकाका, चला! नवरदेव चड्डीवर आहे!”

“गुन्हा चड्डीचा की नवरदेवाचा?” धर्माजींनी शांतपणे विचारलं.

वाटेत स्कूटरवर ओरडून ओरडून हितेशने हकिगत सांगितली. त्याच्या होमस्टेत लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं. दुपारचा मुहूर्त, मांडव तिथेच नारळांच्या वाडीत. सकाळी नवरदेव प्रज्योत मित्रांना घेऊन समुद्रावर बनाना बोटीत बसायला गेला आणि बाकीचं वऱ्हाड त्याचे फोटो काढायला. परत येऊन बघतात तर एकाही खोलीचं दार उघडेना. आणि नवरदेवाच्या खोलीत त्याची शेरवानी होती, फेटा होता, मुख्य म्हणजे मंगळसूत्र होतं.

“चाव्या?” रुचिताने विचारलं.

“आहेत ना. पण कार्डाने उघडणारी दारं आल्यावर चाव्या लागतातच कुठे? म्हणून सुरक्षित ठेवल्यात. प्रत्येक खोलीच्या आतल्या कपाटात.”



होमस्टेच्या ऑफिसात भिंतीवर डब्याएवढं एक काळं यंत्र होतं. आत छोटासा संगणक, लिनक्सवर चालणारा. सगळ्या खोल्यांची कुलुपं आणि सगळे कॅमेरे त्याच्याच हुकमतीत. दारापुढे कार्ड धरलं की दार या डब्याला विचारायचं, डबा हो म्हणायचा आणि दार उघडायचं. पहाटेच्या वाऱ्यात गावची वीज गेली, सकाळी आली, आणि तेव्हापासून दारं विचारत होती, डबा मात्र तोंड उघडत नव्हता. हितेशने स्विच बंद-चालू करून करून पाहिला होता.

रुचिताने वायर लावून डब्याला लॅपटॉप जोडला आणि स्विच बंद करून पुन्हा चालू केला. पडद्यावर भराभर ओळी धावल्या आणि एका ओळीपाशी येऊन थबकल्या: ‘स्टार्टिंग कर्नल’, आणि पुढे नुसती टिंबं.

धर्माजींनी श्वास रोखून टिंबांकडे पाहिलं. श्वास संपला तसा त्यांनी स्विच बंद केला.

“कर्नल म्हणजे?”

“लिनक्सचा गाभा, काका. आधी तो उठतो, मग त्याच्यामागून बाकीचं सगळं उठतं.”

“ड्युटीवर सर म्हण. तर, एक कर्नल आहे. तो निघतो, पण पोचत नाही.” धर्माजींचे डोळे बारीक झाले. “उघड आहे. या लग्नात फौजी कोण?”

रुचिताने कपाळाला हात लावायच्या आत ते बाहेर पडले होते. नवरीचे मामा विठोबा मांडवात खुर्च्या मोजत होते. पल्लेदार मिशा, ताठ कणा.

“तुम्ही कर्नल?” धर्माजींनी मागून एकदम विचारलं.

“सुभेदार. रिटायर्ड.”

“हुद्दा लपवताय?”

“अहो, मिळालाच न्हाय, तर लपवू काय?”

“आज सकाळी कुठून निघालात?”

“रेवदंड्याहून.”

“आणि पोचलात?”

मामांनी स्वतःकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “पोचलो असं वाटतंय.”

धर्माजी ऑफिसात परतले. “तो कर्नल पोचलाय. म्हणजे आपलाही पोचायला हवा.” त्यांनी स्विच चालू केला, श्वास रोखला, टिंबांकडे बघितलं आणि श्वास संपल्यावर स्विच बंद केला.

रुचिताने मनातल्या मनात धंद्याच्या रीतीने विचार सुरू केला. आधी तिला अडॅप्टरचा संशय आला. तिने दुकानातून आणलेला चांगला अडॅप्टर लावला. टिंबं. मग तिला खाऱ्या हवेचा संशय आला. तिने डबा उघडून आतल्या जोडण्या खोडरबराने लख्ख घासल्या. टिंबं. मग मेमरी कार्ड काढून, पुसून, पुन्हा बसवलं. टिंबं. प्रत्येक वेळी डबा बंद आणि प्रत्येक वेळी पुन्हा चालू. आपले तर्क साहेबांच्या तर्कांपेक्षा बरे आहेत, एवढंच तिला समाधान होतं. दारांना त्यातला फरक कळत नव्हता.

तेवढ्यात हितेशला डबा बसवून देणाऱ्या इंजिनिअरचा फोन लागला. स्पीकरवर खरखरत आवाज आला, “बूट अडकतोय तुमचा. मी मुंबईहून संध्याकाळच्या बोटीने मांडव्याला येतो. तोपर्यंत एकच करा, कृपा करून त्याला...”

आणि रेंज गेली.

“त्याला काय?” हितेश फोनवर ओरडला.

“त्याला शोधा!” धर्माजी गरजले. “बूट! बूट अडकलाय, म्हणजे कुणीतरी अडकवून ठेवलाय. उघड आहे!”

“सर, बूट म्हणजे यंत्र सुरू होणं...”

पण धर्माजी नवरीच्या करवल्यांकडे पोचलेसुद्धा. चार पोरी मांडवामागे खिदळत होत्या. एका दटावणीतच त्यांनी कबुली दिली आणि पाणी नसलेल्या पिंपातून चकाचक काळ्या बुटांचा जोड काढून दाखवला.

“नवरदेवाचे हायेत. लपवल्याचे नेगाचे पैसे मिळाल्याबिगर देणार न्हाय!”

नवरदेव प्रज्योत ओल्या चड्डीवर, अंगावर कालची हळद आणि आजची वाळू घेऊन बाजूलाच उभा होता. “माझे कुठले? माझे खोलीत आहेत.”

“मग कुणाचे?”

“आयला!” मांडवातून विठोबामामांचा आवाज आला. “माझे बूट कुनी नेले?”

धर्माजींचा चेहरा उजळला. त्यांनी बुटांचा जोड हिसकावून उंच धरला. “रुचिता! कर्नल आणि बूट, दोन्ही धागे एकाच पायात!”

“सुभेदार,” मामा म्हणाले. “आन् बूट द्या.”

बूट मामांच्या पायात गेले. धर्माजींनी विजयी मुद्रेने डबा चालू केला. टिंबं. श्वास. स्विच बंद.

आता मात्र हवा तापली. नवरदेवाची आई सोनूबाई नऊवारीचा ओचा खोचून ऑफिसच्या दारात आली. तिच्या हातात पहार होती.

“हितेश, माजं पोर काय चड्डीवर लगीन लावंल? बाजूला हो. दार फोरते.”

“मावशी, नको! दारात वायरी आहेत, अजून हप्ते चालू आहेत!” हितेश जवळजवळ रडकुंडीला आला. “पुढच्या आठवड्यात पाहुणे येणार. फोडलेल्या दारांचा होमस्टे कोण घेणार? बुडेन मी.”

“आन् मुहूर्त बुरला तं?”

दोघंही खरं बोलत होते. गंमत बाजूला राहिली. डबा तिच्या हातात होता आणि तिला तो उठवता येत नव्हता. “एकदाच,” ती म्हणाली, “मावशी, शेवटचं एकदाच बघते.” तिने स्विच चालू केला.

त्याच क्षणी नवरी आत आली.

कल्पिता शेजारच्याच घरात नटत होती. कुणीतरी जाऊन तिला सांगितलं, ती तशीच निघून आली. हिरवा शालू, हातभर चुडा, कपाळावर मुंडावळ्या. ऑफिसात खुर्ची एकच होती, पंख्याखाली, स्विचबोर्डला टेकून. ती धपकन तीत बसली.

“बोल,” ती प्रज्योतला म्हणाली.

“अगं, सगळे म्हणाले...”

“सगळ्यांना पोहता येतं. तुला येतं?”

प्रज्योतने अंगावरची वाळू झटकायला घेतली.

“ताई,” धर्माजींनी हात पुढे केला, “जरा सरकता? तुमच्या मागे स्विच आहे.”

“सरकणार नाही. पहाटेपासून उभी आहे मी. या निऱ्या बसवायला तीन बायका लागल्यात. कुणी हात लावून तर बघा.” ती पुन्हा नवऱ्याकडे वळली. “बोट उलटली होती ना? खोटं बोलू नकोस, मला फोटो आलाय. त्यात तू नाहीयेस. पाण्यावर नुसता तुझा हात आहे!”

सोनूबाईने पहार खाली ठेवली. “बोट उलाटली? मला कुनी सांगलं न्हाय!”

“जॅकेट होतं गं...”

मग कल्पिताने जे सुरू केलं ते साखरपुड्यापासून सुरू झालं. मग किहीमला जेवायला उशिरा आल्याचं निघालं, मग फोन न उचलल्याचं, मग तिच्या आईचं नाव चुकीचं घेतल्याचं. मध्येमध्ये सोनूबाई “बरोबर बोलतंय पोर” म्हणून साथ देत होती. धर्माजी एकदा डावीकडून स्विचपाशी पोचायचा प्रयत्न करत, एकदा उजवीकडून. दोन्हीकडे बांगड्या किणकिणत आणि ते मागे येत. रुचिता हात बांधून उभी होती. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“मंगळसूत्र आत राहिलं तर दुसरं आणता येतं,” शेवटी कल्पिता म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. “तू आत राहिला असतास पाण्यात, तर?”

प्रज्योत तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. निऱ्यांपासून बेताने लांब.

आणि मग डब्यावर हिरवा दिवा लागला. पडद्यावर टिंबांखालून ओळींचा लोंढा सुटला, आणि बाहेर सगळ्या दारांनी एकामागून एक ‘खटाक’ केलं.

वऱ्हाड दारांकडे धावलं. रुचिता लॅपटॉपवर वाकली. ओळी वाचता वाचता तिचे कान गरम झाले.

“काका,” ती हळूच म्हणाली, “पहाटे वीज गेली तेव्हा हा अर्धवट बंद पडला होता. म्हणून उठल्यावर हा आधी कॅमेऱ्यांचं सगळं चित्रण तपासत होता, काही बिघडलं तर नाही ना म्हणून. गुपचूप. याला फक्त वेळ हवा होता. आणि आपण दर वेळी मध्येच बंद करत होतो. मग हा बिचारा पुन्हा पहिल्यापासून.”

“म्हणजे गुन्हेगार वीज!”

“नाही. आपण.”

धर्माजींनी बराच विचार केला. “आपण म्हणजे तू आणि हितेश?”

“तिघंही.”

लग्न मुहूर्तावर लागलं. फेटा जरा वाकडा होता, पण नवरदेव कोरडा होता. सोनूबाईने रुचिताच्या पानात आग्रहाने दोन जिलब्या जास्त वाढल्या आणि धर्माजींच्या पानातल्या एका जिलबीकडे बराच वेळ संशयाने पाहिलं.

संध्याकाळी, पाहुणे नवरा-नवरीबरोबर फोटो काढून घेत असताना, पाठीवर बॅग घेऊन इंजिनिअर मांडव्याहून धापा टाकत पोचला. डब्यावरचा हिरवा दिवा बघून तो चकित झाला.

“कुणी सुरू केलं हे?”

धर्माजी खाकरले, पुढे झाले, आणि रुचिताने एकवार नुसतं बघताच मागे झाले. हितेशने नवरीकडे बोट दाखवलं.

इंजिनिअर आदराने तिच्यापाशी गेला. “मॅडम, नेमकं काय केलंत?”

“मी?” कल्पिता म्हणाली. “काही नाही. नवऱ्याला झापलं.”

“किती वेळ?”

“मन भरेपर्यंत.”

इंजिनिअरने गंभीरपणे मान डोलावली. “बरोबर,” तो म्हणाला. “तेवढाच लागतो.”