मधे तोडायचं नाही

श्रावणीची नोकरी कायम होणार की नाही, हे आज ठरायचं होतं. त्यासाठी पुण्याहून आलेले कंपनीचे प्रशिक्षक शौनक सर भोरच्या सेवाकेंद्रात तिच्या पाठीमागेच खुर्ची टाकून बसले होते. त्यांचे नियम दोनच. ग्राहकाचं बोलणं मधे तोडायचं नाही, आणि त्याचं म्हणणं त्यालाच परत म्हणून दाखवायचं.

तेवढ्यात वेल्ह्याच्या ठकुबाई आत आल्या. मागोमाग त्यांचे यजमान मानसिंग, टेम्पोतून उतरवलेली पीठ दळायची घरघंटी ढकलत.

"पोरी, घरघंटी बंद पडलीया."

"म्हणजे तुमची घरघंटी बंद पडली आहे."

"मग म्या दुसरं काय सांगितलं?"

"तुम्ही दुसरं काही सांगितलं नाही."

ठकुबाईंनी डोळे बारीक केले. "येडावतीस व्हय गं मला?"

"मी वेडावते, असं तुम्हाला वाटतंय. तुम्हाला राग आला आहे."

"न्हवता आला. आता यायला लागलाय! अवं, बगताय न्हवं?"

मानसिंग खवळले. "नगंच आमाला ही घंटी! घ्या माघारी!"

शौनक सर धावले. "काका, तुम्हाला ही घरघंटी नको आहे, असं तुमचं म्हणणं..."

"आरं, ह्यो बी येडावतोय!"

रस्त्यावरची माणसं दारात जमली. नोकरी डोळ्यांदेखत निघालेली पाहून श्रावणी शेवटी ओरडलीच, "ओ आजी, गप बसा की जरा! घंटीचं दार लागतंय का नीट?"

दार पुरतं लागल्याशिवाय ती घरघंटी चालूच होत नसे. श्रावणीने फटीत अडकलेली सुतळी ओढून काढली, दार दाबलं, पिन खोचून बटण चालू केलं. घंटी घरघरली.

"आता कशी माणसावानी बोललीस!" ठकुबाई खूश झाल्या.

शौनक सर झाले नाहीत. "ग्राहकाचं बोलणं मधे तोडायचं नाही, हा पहिलाच नियम तुम्ही मोडलात, श्रावणी. कायम करणं अवघड आहे."

"आसा नेम हाय व्हय?" ठकुबाईंनी स्टूल पुढ्यात ओढलं. "मग सायेब, मी गिऱ्हाईक. ऐका आता. किकवीच्या भाच्याची, कुमारची हळद. ऐन वक्ताला पीठ संपलं. कुणी मोकळं न्हवतं, म्हणून नवरदेवालाच पोतं देऊन गिरणीत धाडला. त्यो माघारी आलाच न्हाई! तवाच म्या ठरवलं, घरात घंटी पायजे."

"छान. मग..."

"आजून हाय की."

मग सारोळ्याहून कोणकोण आलं, कोण जेवायला थांबलं, कोण मांडवातच रुसून बसलं. सरांना पानशेतला पोचायचं होतं. ते उठले, बसले, पुन्हा उठले.

"आजी, बास!" ते कळवळून म्हणाले. "श्रावणी कायम! आजपासून कायम!"

"बरं झालं." ठकुबाई लगेच उठल्या. "चला हो."

श्रावणीला हसू आवरेना. सर बॅग घेऊन दारापर्यंत गेले आणि थबकले. मागे वळून त्यांनी हळूच विचारलं,

"पण आजी, तो नवरदेव सापडला का?"

मानसिंग घरघंटीवर टेकून बसले.

"सायेब, च्या सांगा," ते म्हणाले. "ह्याला वेळ लागतोय."