निनावेकाकांची हार्ड डिस्क

आमचे शेजारी निनावेकाका तुटलेल्या चपलेलाही सोल्डरिंग करून पाहतात. चपलेचा पट्टा वितळला तेव्हा त्यांनी दोष चपलेला दिला. "मालच हलका होता गा!" घराणं उमरेडच्या विणकरांचं, पण काकांच्या हाती मागाऐवजी सोल्डरिंगची गन आली. तत्त्वज्ञान मात्र पिढीजात. "धागा तुटला तं गाठ, तार तुटली तं टाका."

नंदनवन वस्तीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मे महिन्यात भर दुपारी काकांनी पलीकडून हाक मारली, "तुहा कूलर बंद कर गा!"

"काहून?"

"भिंत थरथरून राहिली. टाका हालते."

मी कूलर बंद करून गेलो. त्यांच्याकडे पंखेही बंद. पोळपाटावर हार्ड डिस्क पालथी पडलेली. काकांनीच तिला भलताच चार्जर लावला होता आणि तिच्या हिरव्या पट्टीवरचा मोहरीएवढा एक भाग जळाला होता. तसाच दुसरा त्यांनी भंगारातल्या डिस्कवरून काढून आणला होता.

"बॅटरीचा उजेड धर. अन् श्वास नको घेऊ."

श्वास मी धरला, पण घाम नाकात गेला आणि शिंक सुटली. काकांच्या चिमट्यातला तो भाग उडाला आणि पडला नेमका काकूंच्या सुपात. काकू मोहरी निवडत होत्या.

काका रागावले नाहीत. मीटर काढून मोहरीचा एकेक दाणा तपासू लागले. "ज्याच्यावर मीटर बोलन, तो आपला."

"माणसं उकडून राहिले," काकू म्हणाल्या, "अन् हे मोहरीत करंट शोधून राहिले!" त्यांनी सूप ओढून घेतलं आणि तिरपं केलं. मोहरी गडगडत खाली गेली. चपटा भाग वरच राहिला.

टाका बसला. डिस्क टीव्हीला लावली आणि ती गुरगुरली. मला वाटलं, काका आता नाचतील. त्यांनी नुसता रिमोट हातात घेतला.

डिस्कमध्ये त्यांच्या मुलीच्या, पिंकीच्या लग्नाचं शूटिंग होतं. पिंकी आता परदेशात असते.

"इतकी वर्षं झाली, एकदा नाही पाहिलं याईनं," काकूंनी मला हळूच सांगितलं. "म्हणत, डिस्क कुठी पळते? अन् जळली तं दोन रात्री झोपले नाही."

पडद्यावर पाठवणी आली. काकू म्हणाल्या, ऐन वेळी मांडवातले दिवे गेले होते आणि काका मागच्या बाजूला जनरेटरची तार जोडत बसले होते. ते पोचले तोवर गाडी गेलेली. आता पडद्यावर गाडीच्या दिव्यांच्या उजेडात पिंकी दिसली. दाराशी थांबून ती मागे वळली.

"बाबा कुठी आहे? बाबाले बोलवा न."

कुणीतरी तिला आत बसवू लागलं.

काकांनी रिमोट दाबून चित्र तिथंच थांबवलं आणि खुर्ची टीव्हीजवळ ओढली.

"आलो वं माय," ते म्हणाले. "आलोच."