भिंतीवरच्या सासूबाई

माझ्याइतकी सौंदर्यदृष्टी अख्ख्या चँडलर गावात दुसऱ्या कुणाकडे नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. अर्थात हे माझं मत आहे. माझ्या बायकोचं, म्हणजे रत्नाचं, मत वेगळं आहे. पण ती ऑडिटर आहे. तिला सगळीकडे चुकाच दिसतात!

तर आमच्या घरात फायरप्लेस आहे. ॲरिझोनात! जिथे जूनमध्ये गाडीचं स्टिअरिंग फडक्याने धरावं लागतं, तिथे बिल्डरने दिवाणखान्यात शेकोटी बांधून ठेवली आहे. बटण दाबलं की गॅसवर भडकन पेटते. घर घेतल्यापासून आम्ही ती एकदाच पेटवली होती, तीही दिव्याचं बटण समजून. एरवी तिच्यासमोर कुरिअरची रिकामी खोकी पडलेली असायची.

तिचं भाग्य उजळलं ते सासूबाईंमुळे. आमच्या सासूबाई, सुलभाताई, अकोल्याला मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. सासरे गेल्यापासून तिथे एकट्या राहतात. रत्नाचा जीव सगळा तिकडे लागलेला. पण आई इकडे आल्या की महिन्याभरात बॅग भरायला लागतात. "तुमचं घर छान आहे गं, पण मी आपली पाहुणी," म्हणतात आणि जातात. मागच्या वेळी त्यांना विमानतळावर सोडून आल्यावर रत्ना गाडीतून उतरलीच नाही. गॅरेजमध्ये बसून रडत होती. मला ते बघवलं नव्हतं. आता आई पुन्हा यायच्या होत्या.

"हेम, यावेळी आईला वाटलं पाहिजे की हे तिचंच घर आहे," रत्ना म्हणाली.

"डोन्ट वरी! माझ्यावर सोड!" मी म्हणालो.

माझं हे वाक्य ऐकलं की आमच्या घरात सगळे सावध होतात. चौदा वर्षांची आमची कन्या आन्या फोनमधून मान वर न करता म्हणाली, "ओह नो."

मी कामाला लागलो. इंटरनेटवर एक बाई आहेत, त्या फक्त फायरप्लेसची भिंत कशी सजवावी एवढंच शिकवतात. त्यांचे सगळे व्हिडिओ मी पाहिले. त्यांचं म्हणणं असं, की ही भिंत म्हणजे घराचा चेहरा. भिंतीला गडद रंग द्या. मधोमध एकच मोठी फ्रेम लावा, तीही घरातल्या लाडक्या माणसाची. खालच्या फळीला इकडे मँटल म्हणतात, तिच्यावर फुलापानांची गारलंड सोडा. दोन्ही बाजूंना मंद मेणबत्त्या. बस्स!

रत्नाने फोनवर आईंना सांगितलं, "अगं, हेम मँटलच्या मागे लागलाय. दिवसरात्र तेच."

आईंना ऐकायला जरा कमी येतं. त्या म्हणाल्या, "मेंटल ना? चला, त्यांच्या लक्षात आलं तरी. औषध चालू केलं का?"

मी तिकडे दुर्लक्ष केलं. भिंत कोळशासारखी काळी रंगवली. मधोमध आईंचा फोटो लावायचा हे तर ठरलेलंच होतं. माझ्याकडे त्यांच्या निरोप समारंभातला एक फोटो होता. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत ताठ बसलेल्या, नजर थेट समोर, हसण्याचा प्रश्नच नाही. पण साडी पोपटी! काळ्या भिंतीवर ती पोपटी साडी नुसती किंचाळत होती. मग मी फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून घेतला आणि खिडकीएवढा मोठा छापला. काय भारदस्त दिसत होता!

गारलंडही आणली, पांढऱ्या गुलाबांची, नकली पण खऱ्यासारखी. मात्र आमची फळी निघाली अरुंद. गारलंड ठेवली की घसरून खाली. चिकटपट्टी लावली, तरी खाली. शेवटी वैतागून मी ती वर नेली आणि फ्रेमच्याच खिळ्याला अडकवून दोन्ही बाजूंनी सोडली. आहा! जणू तिथेच शोभणार होती! दोन्ही बाजूंना मेणबत्त्या ठेवल्या. पुढे थोडं रिकामं वाटलं म्हणून पितळी वाटीत एक सुवासिक अगरबत्तीही लावली.

आन्या येऊन बघून गेली. "बाबा, इट्स किंडा क्रीपी."

"तुला कल्चर कळत नाही," मी म्हणालो.

शुक्रवारी, म्हणजे आई यायच्या आदल्या दिवशी सकाळी, रत्ना अजून वरच होती. तिला सरप्राइज द्यायचं म्हणून मी फायरप्लेसवर चादर टाकणार होतो. त्याआधी एक फोटो काढला आणि आमच्या 'चँडलर मराठी कट्टा' या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आईंसाठी." पुढे जोडलेल्या हातांचं चिन्ह. आपण मराठी माणसं ते हात सगळीकडेच जोडतो ना! रत्ना त्या ग्रुपवर नाही. गुड मॉर्निंगच्या माऱ्याला कंटाळून ती केव्हाच बाहेर पडली होती.

मी चिप बनवणाऱ्या फॅक्टरीत काम करतो. आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा डगला घालावा लागतो आणि फोन लॉकरमध्ये जातो. पहिल्या ब्रेकला फोन काढला, तर ग्रुपवर मेसेजचा पूर! शेवटचे तेवढे दिसले, नुसते जोडलेले हात. एवढे हात मी गणपतीच्या आरतीलाही पाहिले नव्हते. छाती अशी फुगली की डगल्याची चेन लागेना.

ग्रुपचे ॲडमिन ज्ञानदेव काका यांचा वेगळा मेसेज होता. काका म्हणजे इथल्या सगळ्या मराठी माणसांचे वडीलधारे. बारसं असो की बिऱ्हाड हलवायचं असो, काका आधी हजर.

"हेमचंद्र, आत्ताच पाहिलं. फार धक्का बसला," त्यांनी लिहिलं होतं.

भिंत पाहून माणसाला धक्का बसायलाच हवा, असं त्या व्हिडिओवाल्या बाईंनी सांगितलंच होतं! मी लगेच लिहिलं, "थँक्यू काका!"

"कधी?"

"काल निघाल्या."

"असं अचानक?"

"छे हो! वर्षभर मागे लागलो होतो आम्ही, तेव्हा कुठे!"

काकांनी लिहिलं, "रत्ना कशी आहे?"

"एकदम मजेत! आज घरूनच काम आहे, सकाळपासून गाणी लावून घर आवरतेय."

"बरं. पुढचं सगळं अकोल्यालाच ना?"

"नाही काका, आता सगळं इकडेच. फायरप्लेस खास त्यांच्यासाठीच तयार केलीय!"

काका काहीतरी टाइप करत होते. थांबले. पुन्हा टाइप करायला लागले. पुन्हा थांबले. शेवटी मेसेज आला, "आम्ही सगळे उद्या दुपारी घरी येतो. स्वयंपाक करू नका."

काय माणसं आहेत! मी सद्गदित होऊन फोन लॉकरमध्ये टाकला आणि परत डगल्यात शिरलो.

शनिवारी रत्ना आणि आन्या आईंना आणायला फिनिक्सच्या विमानतळावर गेल्या. मी घरी थांबलो, तयारी करायला. चादर काढली, अगरबत्ती लावली. इतक्यात बेल वाजली. दारात ज्ञानदेव काका, मीरा काकू आणि मागे कट्ट्याची बरीच मंडळी. सगळे पांढऱ्या कपड्यांत! मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाहेर एकशेदहा डिग्री फॅरनहाइट! या उन्हात काळं कोण घालणार? काकूंच्या हातात पिठलं-भाताचं मोठं पातेलं होतं.

"या, या! बसा ना!" मी म्हणालो.

कोच रिकामा असून सगळे खाली गालिच्यावर बसले. काकांनी मला मिठी मारली आणि सोडेचनात. मग सगळे एकटक फोटोकडे बघत राहिले. मला वाटलं, भारावले! पण पुरा परिणाम अजून कुठे दिसला होता? मी बटण दाबलं. भडकन शेकोटी पेटली. जूनच्या दुपारी!

काही क्षणांतच मंडळी डोळे पुसायला लागली. मला वाटलं, घाम.

"त्रास नाही ना फार झाला त्यांना?" काकूंनी विचारलं.

"या वयात होणारच थोडा. व्हीलचेअर सांगून ठेवली होती. एकदा वर गेल्या की काय, मग आडवं पडून राहायचं."

काकूंनी पदर तोंडाला लावला. काका म्हणाले, "शेवटी माणसाला एकटंच जावं लागतं."

"हो ना! रत्ना अकोल्याला आणायला जाणार होती, पण तिला सुट्टीच नाही मिळाली."

"आणायला?" काकांनी विचारलं. मग त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बाकीच्यांकडे बघून हळूच मान हलवली.

"पण फार लवकर गेल्या हो," काकू म्हणाल्या.

"लवकर कसल्या! चांगल्या लेट आहेत!" मी घड्याळ बघत म्हणालो. "एव्हाना पोचायला हव्या होत्या."

"पोचल्या असतील रे. पोचल्या असतील," काका वर छताकडे बघत म्हणाले.

काकूंना आता राहवेना. त्या फोटोकडे बघून बोलू लागल्या, "काय तेज आहे चेहऱ्यावर! देवमाणूस होत्या अगदी. कुणाला कधी लागेल असं बोलल्या नाहीत. मायेचा नुसता झरा!"

काकू आमच्या आईंना कधीही भेटलेल्या नव्हत्या, एवढं मला माहीत होतं. पण 'होत्या' हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. होत्या? मी काकूंकडे पाहिलं. पांढऱ्या साड्यांकडे पाहिलं. पिठल्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं, ब्लॅक अँड व्हाइट फोटो, त्याला हार, पुढे अगरबत्ती. त्या क्षणी, घरात शेकोटी पेटलेली असताना, माझे हातपाय बर्फासारखे गार पडले!

आणि दार उघडलं.

सासूबाई आत आल्या. पोपटी साडी, खांद्याला पर्स, मागे रत्ना आणि आन्या बॅगा ओढत. आईंची नजर गालिच्यावरच्या पांढऱ्या मंडळींवरून फिरली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"कोण गेलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मीरा काकूंनी अशी किंकाळी फोडली की काकांनी भिंतीला पाठ लावली. कुणीतरी "राम राम राम" म्हणायला लागलं. आईंनी काकूंच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. ज्वाळा, हार, स्वतःचाच चेहरा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अच्छा. मी!"

"ओ माय गॉड," आन्या म्हणाली आणि व्हिडिओ काढायला लागली.

"आई, तसं नाहीये! ती गारलंड आहे! मँटलवरून घसरत होती!" मी ओरडलो.

"हेमचंद्रराव, आधी ती चूल विझवा," आई शांतपणे म्हणाल्या. मी विझवली. मग त्या कोचावर बसल्या आणि सगळे उठायला लागले, तर म्हणाल्या, "बसा. कुणीही जागा सोडायची नाही." पंचवीस वर्षं शाळा चालवलेला आवाज तो! सगळे मांडी घालून बसले. काकूंना त्या म्हणाल्या, "तुम्ही काहीतरी चांगलं सांगत होतात. मायेचा झरा म्हणालात. पुढे?"

ज्ञानदेव काकांनी हात जोडून सगळा प्रकार सांगितला आणि पुरावा म्हणून फोन पुढे केला. आईंनी आमचा संवाद सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात वाचून काढला, विरामचिन्हांसकट! "'वर्षभर मागे लागलो होतो आम्ही, तेव्हा कुठे!' उद्गारचिन्ह." पुढे मला वगळून काढलेल्या वेगळ्या ग्रुपवर काकांनी सूचना टाकली होती, तीही वाचली. "'रत्नाला धक्क्याने भ्रम झाला आहे, ती गाणी लावून बसली आहे. हेमचंद्र तर सासूबाईंना घरातल्या शेकोटीतच... कृपया सर्वांनी लवकर पोहोचावे.'"

रत्नाने माझ्याकडे पाहिलं. ऑडिटमध्ये मोठा घोटाळा सापडल्यावर ती अशीच बघते.

आधी कोण हसलं कोण जाणे, बहुतेक आईच. मग जे सगळे हसत सुटले ते थांबेचनात. काकू हसता हसता परत रडल्या. हार उतरवला, पिठलं गरम केलं. जिच्या नावाने ते आणलं होतं तिनेच पहिला घास घेऊन सांगितलं, "मीठ कमी आहे, पण मन लावून केलंय." संध्याकाळपर्यंत आईंच्या भोवती नुसता गराडा. पुढच्या रविवारी काकूंकडे भरीत, त्याच्या पुढच्या आठवड्यात मुलांचे मराठी वर्ग, सगळं ठरलं. मंडळी गेली तेव्हा आई त्यांना सोडायला अंगणापर्यंत गेल्या, जणू घर त्यांचंच!

आत आल्यावर त्या रत्नाला म्हणाल्या, "रत्ना, माझं ते पुढच्या महिन्याचं परतीचं तिकीट कॅन्सल कर. इथलं सरकार जितके दिवस राहू देईल, तितके दिवस मी राहणार."

रत्नाने आईच्या गळ्यात हातच टाकले. माझे डोळे भरून आले. जमलं! माझ्या भिंतीने करून दाखवलं! मला राहवेना. मी एकटाच जोरजोरात टाळ्या वाजवायला लागलो.

आईंचं वाक्य अजून संपलेलं नव्हतं.

"या माणसाच्या भरवशावर," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "माझ्या पोरीला सोडून जायची माझी हिंमत होत नाही!"

टाळ्या कुठे थांबवायच्या ते मला कळेना, म्हणून मी आणखी थोडा वेळ वाजवत राहिलो.