साडूचा नंबर

पनवेलच्या आसपास जिथे म्हणून डोंगर पोखरून इमारत उभी राहत होती, तिथल्या विक्री कार्यालयात बाळूभाऊ राऊत एकदा तरी जेवून आलेले होते. घर घ्यायचं म्हणून नव्हे. करंजाड्यात त्यांचं स्वतःचं वन बीएचके होतं आणि समोरच्या इमारतीतल्या बाईच्या कुकरच्या शिट्ट्या त्यांना आपल्या हॉलमध्ये बसून मोजता येत. पण रविवारच्या पेपरातल्या जाहिरातीवर फोन केला की बिल्डरची एसी गाडी दारात येते, पोचल्यावर कोकम सरबत मिळतं, मग पनीर टिक्का, गुलाबजाम आणि निघताना भेटवस्तू. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कारकुनी करून बाळूभाऊंना एवढा मान कुणी दिला नव्हता. त्यांच्या घरात चार बिल्डरांची चार घड्याळं होती आणि चारही वेगवेगळी वेळ दाखवायची. ताबा कधी मिळणार, या प्रश्नाला बिल्डर उत्तरं देतात तशीच.

बायकोला, म्हणजे शशिकलाला, गाडी लागायची. त्यामुळे या मेजवान्यांना ते एकटेच जात.

जेवणाची किंमत एकच होती: फॉर्म भरणं. पहिल्या वेळी त्यांनी भोळेपणानं स्वतःचा नंबर दिला आणि आठ महिने भोगलं. एकदा तर खात्यातल्या साहेबांच्या वडलांना अग्नी देत असताना फोन वाजला आणि पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, लोकेशन आवडलं का?" तेव्हापासून बाळूभाऊ फॉर्मवर खोटी नावं घालू लागले. आणि त्या भाद्रपदात, 'शिखरसागर' नावाच्या प्रकल्पाच्या फॉर्मवर, त्यांनी साडूचं नाव घातलं.

त्याला कारण होतं. साडू इंद्रजीत चौलकर यांचं पनवेलात टाइल्सचं दुकान. गणपतीला बाळूभाऊंच्या घरी आले, हात धुवायला बाथरूममध्ये गेले, भिंतीवर बोटानं टकटक केली आणि बाहेर येऊन पंधरा माणसांसमोर म्हणाले, "बाळकृष्णराव, हा माल आम्ही गोडाऊनमध्येसुद्धा ठेवत नाही हो!" बाळूभाऊ हसले. सगळे हसले म्हणून हसले. पुढच्याच रविवारी त्यांनी फॉर्मवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: नाव, इंद्रजीत चौलकर. व्यवसाय, निर्यात. छंद, गोल्फ. अपेक्षा, समुद्र दिसलाच पाहिजे. खाली साडूचा मोबाइल नंबर.

'शिखरसागर' कर्नाळ्याच्या अलीकडे डोंगराच्या उतारावर होणार होतं. अजून पायाही खणलेला नव्हता, पण नमुन्याचा फ्लॅट तयार होता आणि त्याच्या गच्चीत तीन पायांच्या स्टँडवर एक दुर्बीण लावलेली होती. मनस्वी नावाच्या चुणचुणीत मुलीनं ती त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

"सर, तो सिल्व्हर पट्टा दिसतोय? दॅट इज द सी. आणि खाली, पायथ्याशी, गोल्फ कोर्स येतोय. तुम्ही तर गोल्फर आहात सर, तुम्हाला काय सांगायचं!"

"हो हो," बाळूभाऊ दुसरा गुलाबजाम गिळत म्हणाले. गोल्फ त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिला होता.

पट्टा दिसला खरा. परतताना त्यांनी पायथ्याशी गाडी थांबवून घेतली आणि उतरून वाडीवर गेले. ही वाडी म्हणजे बाळूभाऊंच्या आयुष्यातली एकमेव खरीखुरी गोष्ट होती. सासऱ्यांची, आप्पांची, अकरा गुंठे. विहीर आणि आंब्याची सात झाडं. आप्पांच्या मागे ती शशिकला आणि धाकटी मालू, म्हणजे इंद्रजीतरावांची बायको, या दोघी बहिणींच्या नावावर झाली होती. मार्चमध्ये निवृत्त व्हायचं, विहिरीजवळ दोन खोल्या बांधायच्या आणि कुणाच्याही कुकरची शिट्टी न ऐकता मरायचं, एवढंच बाळूभाऊंनी ठरवलं होतं. खोल्यांचा नकाशा त्यांनी खात्याच्या कोऱ्या कागदांवर नऊ वर्षं काढला होता.

वाडी राखायला गावातला महादेव भोईर होता. त्याला त्यांनी विचारलं, "महादेव, वरून समुद्र दिसतो म्हणे?"

महादेव विहिरीच्या काठावर बसून विडी ओढत होता. "दर्या? ह्या डोंगरावरना? माजा जलम गेला हितं. त्यो चकाकतंय त्यो दर्या नाय, राऊतसायेब. कंटेनर यार्डाचा पत्रा हाय त्यो."

बाळूभाऊ घरी पोचेपर्यंत एकटेच हसत होते.

फोन सुरू झाले. दिवसाला सहा-सहा. बाळूभाऊंची अपेक्षा होती की साडू वैतागेल, शिव्या घालेल, नंबर बदलेल. पण माणसाला लुटायचं असेल तर त्याला धमकावू नये, त्याची निवड झाल्याचं सांगावं, हे मनस्वीला बाळूभाऊंपेक्षा चांगलं कळत होतं. आठवड्याभरात इंद्रजीतराव पेढे घेऊन आले.

"बाळकृष्णराव, एका कंपनीनं पनवेलातली फक्त अकरा घराणी निवडली आहेत. त्यांत आपण. त्यांना म्हणे गोल्फ खेळणाऱ्या दर्जाची माणसं हवी आहेत."

"तुम्ही गोल्फ खेळता?" शशिकलानं विचारलं.

"खेळलो नाही, पण अंगात आहे. त्यांनी ते ओळखलं. ही माणसं रिसर्च करतात."

आता खरं तर बाळूभाऊंनी थांबायला हवं होतं. गंमत झाली होती, पोट भरलं होतं. पण पंधरा माणसांसमोरची ती टकटक कानातून जात नव्हती. "अहो, तुमच्यासारख्यानं नाही घ्यायचं तर कुणी घ्यायचं?" ते म्हणाले. दीड महिना ते साडूला हरभऱ्याच्या झाडावर चढवत राहिले. इंद्रजीतरावांनी पांढरी टोपी आणली. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते छत्री उलटी धरून लिंबं टोलवू लागले. एक लिंबू शोरूमच्या काचेला लागलं, तेव्हा बाळूभाऊंनी "हात बसतोय हं!" म्हणून पाठ थोपटली. शशिकला हे सगळं घरी भाजी निवडत ऐकायची आणि काही बोलायची नाही.

दिवाळीच्या पाडव्याला मालू आली. आल्या आल्या बहिणीच्या गळ्यात पडली.

"ताई, बुकिंग केलं गं. विसाव्या मजल्यावर. आयुष्यभर त्या दुकानाच्या मागच्या खोल्यांत काढलं, आता म्हातारपणी मला समुद्र दिसणार. पण एक अडचण आहे. आप्पांची वाडी काढावी लागेल."

बाळूभाऊंच्या हातातला चकलीचा तुकडा तसाच राहिला.

"तीच कंपनी घेतेय," मालू सांगत होती. "गोल्फ कोर्सला त्यांना पायथ्याची जमीन हवीच आहे. पण अर्धी नको म्हणतात, अख्खी द्या. तुझा हिस्सा तुला रोख मिळेल."

"वाडी विकायची नाही!" बाळूभाऊ ओरडले.

दोघी बहिणींनी त्यांच्याकडे पाहिलं. शशिकला शांतपणे म्हणाली, "दीड महिना तुम्हीच ना त्यांना 'घ्या, घ्या' म्हणत होतात?"

एका वाक्यात सगळं थांबलं असतं: "तो फॉर्म मी भरला." पण ते वाक्य तोंडातून निघेना. रोज सकाळी बाळूभाऊ ठरवत, आज सांगायचं. रोज संध्याकाळी इंद्रजीतराव फोन करून विचारत, "बाळकृष्णराव, गच्चीत कुठल्या टाइल्स घालू?" आणि बाळूभाऊ टाइल्स सुचवत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक इतकाच की इथे तोंडही त्यांनीच दाबलेलं होतं आणि बुक्केही त्यांचेच होते.

सौद्याच्या कागदावर सह्या करायला चौघं 'शिखरसागर'च्या कार्यालयात गेले. इंद्रजीतरावांनी पांढरी टोपी घातली होती. शशिकला वाटेत दोनदा ओकली, पण आली. टेबलापलीकडे मनस्वी होती. तिनं बाळूभाऊंकडे पाहिलं, क्षणभर थबकली आणि मग इंद्रजीतरावांना म्हणाली, "वेलकम, चौलकर सर!"

मालूनं सही केली. कागद शशिकलासमोर सरकला. बाळूभाऊंना विहीर दिसली, दोन खोल्या दिसल्या, आणि ते ताडकन उभे राहिले.

"थांबा. कुणी तुमची निवड केलेली नाही, इंद्रजीतराव. तो फॉर्म मी भरला होता. तुमचा नंबर मी दिला. गोल्फ मी लिहिलं. गंमत म्हणून. आणि तिथून समुद्रही दिसत नाही, तो कंटेनर यार्डाचा पत्रा आहे!"

इंद्रजीतराव हसले. मोठ्या मनानं हसले, हे जास्त वाईट होतं.

"बाळकृष्णराव, बसा. माणसाला वाटतं असं. साडू विसाव्या मजल्यावर आणि आपण करंजाड्यात. मी मनावर घेत नाही."

"अहो, हिला विचारा! मी इथं जेवून गेलोय. दोन गुलाबजाम खाल्ले होते. सांग ना गं पोरी!"

मनस्वीनं अतिशय गोड आवाजात सांगितलं, "सॉरी सर, आपण आज पहिल्यांदाच भेटतोय. चौलकर सरांची प्रोफाइल आमच्या मुंबईच्या टीमनं सिलेक्ट केली होती."

मालूच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊजी, आम्ही तुमचं कधी वाईट चिंतलं का हो? माझ्या एवढ्याशा सुखाला दृष्ट लावलीत."

बाळूभाऊंनी आशेनं बायकोकडे पाहिलं. निदान ती तरी. शशिकला कागदावर पेन घासून पाहत होती.

"हे पेन चालत नाही," ती म्हणाली. "दुसरं द्या."

आणि तिनं सही केली.

चहा आला. बाळूभाऊ तोंडावर पाणी मारायला बेसिनपाशी गेले, तर मागून मनस्वी आली. "सर, तीन महिने माझं एकही बुकिंग झालं नव्हतं," ती हळू आवाजात म्हणाली. "नोकरी गेली असती. सॉरी." तिचा चेहरा खरोखरच पडलेला होता. बाळूभाऊंना तिच्यावर चिडायचं होतं, पण चिडायला तोंड राहिलेलं नव्हतं.

इंद्रजीतरावांना हिशेबाला थांबायचं होतं. राऊत नवराबायको हायवेवरून रिक्षा करून निघाले.

"तूसुद्धा विश्वास ठेवला नाहीस," पळस्प्याच्या पुढे आल्यावर बाळूभाऊ म्हणाले.

"ठेवायचा काय प्रश्न? मला माहीत होतं."

"काय?"

"तुमच्या निळ्या शर्टाच्या खिशात त्या फॉर्मची पिवळी प्रत होती. धुवायला काढला तेव्हा सापडली. अक्षर तुमचं, नाव इंद्रजीतरावांचं."

"कधी?"

"गणपती झाल्यावर. त्याच आठवड्यात."

बाळूभाऊंना रिक्षा थांबवावीशी वाटली. "मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. मालू हसण्यावारी नेईल, ते दोन दिवस रागावतील, मिटेल. पण त्यांचं हसं होतंय तोवर तुम्हाला सांगावंसं वाटलं नाही. तुमची वाडी जायला लागली तेव्हा सांगितलंत."

"अगं, पण वाडी तुझीही होती! आज तरी माझ्या बाजूनं बोलायचंस!"

"काय बोलू?" शशिकलानं पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळून पाहिलं. "मालूला सांगू, की तुझा नवरा आम्ही हसायला ठेवलाय? वर्षानुवर्षं त्या खोल्यांत राहून पहिल्यांदा ती कुणापुढे ताठ चालतेय. वाडी गेली तर गेली. बहीण घालवून त्या विहिरीवर काय पाणी ओढत बसू?"

मग ती बाहेर पाहू लागली. "आप्पांनी लावलेली झाडं होती ती," एवढंच म्हणाली. बाळूभाऊंना लाज वाटली. माणसाला आपला अपमान आयुष्यभर लक्षात राहतो, आणि दुसऱ्याचा करताना मात्र गुलाबजाम गोड लागतात. हे त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी, डोळ्यांत धूळ जाईल अशा रिक्षात कळलं.

मार्चमध्ये ते निवृत्त झाले. मे महिन्यात शशिकलानं बाजारातून आंबे विकत आणले, आयुष्यात पहिल्यांदा. त्याच आठवड्यात गोल्फ कोर्सवर हिरवळ लावण्याच्या समारंभाचं आमंत्रण आलं. जाणं भाग होतं. फाटकावरच्या मुलीनं फॉर्म पुढे केला. बाळूभाऊंनी पेन घेतलं, थोडा वेळ कागदाकडे पाहिलं आणि स्वतःचं नाव आणि स्वतःचा नंबर लिहिला. छंदाच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

नमुन्याच्या फ्लॅटच्या गच्चीत मालू दुर्बिणीपाशी उभी होती. नवी साडी नेसली होती. इंद्रजीतराव खाली पाहुण्यांना टाइल्सची माहिती देत होते.

"भाऊजी, तुम्ही बघा बरं," ती हळूच म्हणाली. मागचं सगळं ती विसरली होती, किंवा तिनं विसरायचं ठरवलं होतं. "मला मेलीला यातून काही दिसतच नाही. सगळं नुसतं पांढरं. यांना विचारलं तर चिडतात."

बाळूभाऊंनी डोळा लावला. दुर्बीण जरा खाली झुकलेली होती. पायथ्याशी सात बुंधे होते, कापलेले. विहीर बुजवून तिथे हिरवा गालिचा अंथरला होता आणि मधोमध एक लाल झेंडा लावला होता. झेंड्यापाशी महादेव भोईर, अंगात कंपनीचा हिरवा टीशर्ट, डोक्यावर पांढरी टोपी, पाइप धरून गवताला पाणी घालत होता. बाळूभाऊंनी दुर्बीण सावकाश वर उचलली. दूरवर पत्रा चकाकत होता.

"दिसला का?" मालूनं विचारलं.

मागे शशिकला येऊन उभी राहिली होती.

"दिसला की," बाळूभाऊ डोळा न काढता म्हणाले. "आज तर लाटासुद्धा दिसताहेत."