गुंडेरावांचा आरसा

गुंडेराव मोटार चालवताना समोरून येणाऱ्या प्रत्येकाला सलाम करत. पोलिसाला, टांगेवाल्याला, टांग्याच्या घोड्यालासुद्धा. एकदा नल्लकुंट्याच्या वळणावर त्यांनी एका म्हशीसाठी गाडी थांबवली आणि "पहले आप" म्हणून तिला वाट दिली. म्हैस तिथंच बसली. तिची मर्जी होईपर्यंत आम्हीही बसलो.

"तहजीब पाहिजे हो मास्तर," ते म्हणाले. "घाई काय, कुणालाही जमते."

मी त्यांचा शेजारी. जामबागेतल्या शाळेत शिकवायचो आणि रोज त्यांच्या मोटारीतून जायचो. चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो, पण त्यांना सांगणार कोण?

गुंडेराव निजामाच्या महसूल खात्यातले हुद्देदार. त्यांच्या मोटारीच्या खिडक्यांना जाड पडदे होते आणि चालवणाऱ्याच्या पाठीमागंही एक होता. हुद्देदाराच्या घरची बाई रस्त्यात दिसायची नाही, असा रिवाज. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, लग्नाला, बारशाला त्या पडद्याआड बसून जात. मग पोलिस ॲक्शन झाली, संस्थान भारतात आलं, आणि एके दिवशी काकूंनी स्वतः कात्री घेऊन सगळे पडदे उतरवले. त्या कापडाच्या उशांच्या खोळी शिवल्या.

"रविवारी मला हुसेनसागरचं पाणी दाखवा," त्या म्हणाल्या. "उघड्या गाडीतून. या रविवारचा धीर केलाय. पुढच्या रविवारी होईल असं नाही."

आणि मंगळवारी एका सायकलरिक्षाच्या धक्क्यानं मोटारीच्या दाराबाहेरचा आरसा फुटला. गुंडेरावांनी आधी रिक्षावाल्याला सलाम केला, मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. गाडीला आरसा तो एकच.

"आरशाशिवाय गाडी निघणार नाही."

"अहो काका, सागर पुढं आहे, मागं नाही!"

"आणि मागून येणाऱ्याला सलाम कसा करू?"

इतक्या जुन्या गाडीचा आरसा नवा मिळेना, म्हणून गुरुवारी आम्ही जुमेरात बाजार गाठला. नवाबांच्या हवेल्यांतलं सामान त्या दिवसांत तिथं येऊन पडायचं. झुंबरं, हुक्के, घोड्यांची खोगिरं आणि मोटारींचे सुटे भाग. गुंडेरावांनी घरून एक खुर्ची बरोबर घेतली होती. ती माझ्या डोक्यावर.

भर बाजारात ते खुर्चीवर बसले, हवेतलं स्टिअरिंग धरलं आणि दुकानदाराला उजव्या हाताशी आरसा धरायला लावला.

"मास्तर, मागं जा. तुम्ही बस."

मी बस झालो. भों भों करत आलो. लोक गोळा झाले. त्यात माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील होते, त्यांनी आदबीनं नमस्कार केला. बसला हात जोडता येईनात.

"आता माझ्या मागं उकिडवे बसा. जरा उजवीकडं झुका. हसा."

"बस कशाला हसेल?"

"बहस नक्को, मास्तर. हसा!"

मी हसलो. एका आरशात मी पिवळा दिसलो, एकात माझं नाक दिसेना, एकात नाकच दिसलं. सगळे नापास. दुकानदार वैतागला. "साब, आईना लेने आए कि दामाद पसंद करने?"

शेवटी त्यानं एका नवाबाच्या गाडीचा गोल आरसा काढला. गुंडेरावांनी तो पार आत वळवला आणि उडी मारून उठले. "हौ! हाच!"

"साब, इसमें रस्ता तो दिखताइच नईं!"

"न दिखू दे, मियाँ."

रविवारी मी पुढं गुंडेरावांच्या शेजारी बसलो आणि काकू मागच्या सीटवर उजव्या खिडकीशी. पदर कपाळावर ओढलेला, नजर मांडीवर. हिमायतनगर येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, आता म्हणतील, मागं फिरवा. गुंडेरावांनी समोरून आलेल्या टांगेवाल्यालाही सलाम केला नाही.

गाडी बंडावर, तलावाच्या बांधावर चढली. एकदम मोकळं पाणी आलं आणि वारा सुटला. काकूंचा पदर उडाला. तो सावरायला त्यांनी हात वर नेला आणि तसाच राहू दिला. मग त्या मोठ्यानं हसल्या, पाण्याकडं बघून, लहान मुलीसारख्या.

गुंडेरावांनी रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवली. मागून एक खरीखुरी बस बोंबलू लागली.

"काका, काय झालं?"

त्यांची नजर आरशातून हलेना. आरशात रस्ता नव्हताच. मागची खिडकी होती आणि खिडकीत काकू.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "सारा जन्म मी हिला या गाडीतून फिरवलं. ही मागं हसते की रडते, मला कधी दिसलंच नाही हो."

मागून काकू ओरडल्या, "अहो, थांबलात का? चला की!"

"चलतो, चलतो," म्हणत गुंडेरावांनी डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. आरशावरची नजर मात्र काढली नाही. मग समोरचा रस्ता मीच बघितला. "काका, डावीकडं घ्या... काका, सायकल आहे... आता सरळ," असं सांगत मी त्या दोघांना अख्खा बंड फिरवून आणलं.