दहा मिलिमीटरचं दार

दातांच्या डॉक्टरांनी नवं एक्स-रे मशीन आणलं, पण खोलीतून किरण बाहेर येत नाहीत असं प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्याला हात लावायची सोय नव्हती. त्यातच दाराची मापं घ्यायला आलेल्या मिस्त्रींनी अक्कल पाजळली.

"डॉक्टर, आत अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकतो. हलका, दार कसं भिरभिर फिरेल."

"अहो मिस्त्री, हलक्या धातूला किरण विचारतात का? घनता लागते, घनता! शिसं लावा."

"नियमात दोन मिलिमीटर लिहिलंय."

"दहा लावा. कसर नको."

"मग बिजागऱ्या जाड घ्याव्या लागतील."

"कशाला? किरण काय बिजागऱ्या बघून येतात?"

मिस्त्रींनी मापपट्टी गुंडाळली. शहाण्याला शब्दाचा मार, असं म्हणतात. डॉक्टर त्याहून जास्त शिकलेले होते. सव्वादोनशे किलोंचं दार साध्या तीन बिजागऱ्यांवर उभं राहिलं आणि चार माणसं कंबर धरून घरी गेली.

तपासनीस आले. मशीन चालवून त्यांनी दाराबाहेर मीटर धरला, तर काटा जागचा हलेना. डॉक्टरांची छाती फुगली. मग दाराची आतली बाजू पाहायला साहेब खोलीत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. कुठेतरी 'कट्ट' झालं.

वीस मिनिटं गेली.

"अहो, साहेब अजून आतच आहेत," डॉक्टरांची बायको म्हणाली.

"काटेकोर माणूस आहे. नीट बघू दे."

"फोन लावला तर लागत नाहीये."

आता मात्र डॉक्टर चपापले. त्यांनी मूठ ओढली, ती हातात आली. दार तिरकं होऊन फरशीत रुतलं होतं. कान लावला तेव्हा लांब विहिरीतून यावी तशी कोणाची तरी हाक आली.

मिस्त्री पहार घेऊन आले. तुटलेली बिजागरी उचलून त्यांनी डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली आणि कामाला लागले. दोन तासांनी साहेब घामाघूम बाहेर आले. डॉक्टरांना वाटलं, गेलं प्रमाणपत्र!

पण साहेब इमानदार माणूस. तिथेच बसून त्यांनी लिहिलं आणि शिक्का मारला. डॉक्टरांनी आनंदाच्या भरात कागद न वाचताच फ्रेम करून, नव्या बिजागऱ्यांवर बसवलेल्या दाराशेजारी लावला.

दुसऱ्या दिवशी गाल धरून आलेल्या पहिल्या पेशंटने तो मोठ्याने वाचला: "या खोलीतून किरण बाहेर येत नाहीत. माणूसही येत नाही. दोन तास स्वतः खात्री करून घेतली आहे."

"डॉक्टर," तो चपला घालत म्हणाला, "दाढ राहिली हो दुखायची."