गार लागणारा रेग्युलेटर

सुनेने विजेचा दाब सांभाळणारा, घरी बनवलेला रेग्युलेटर रेडिओला जोडून दिला आणि ती ऑफिसला निघाली. सासऱ्यांनी त्यावर हात ठेवला. डबा गार!

चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. यंत्र कोमट लागलं तर जिवंत, गार लागलं तर गेलं, हा त्यांचा हिशेब. त्यांचा स्वतःचा जुना डबा जादा वीज नुसता तापून घालवी, आणि बॅटरी उतरली की रेडिओसकट मान टाकी. नवा तसा नाही, असं सुनेने समजावलं होतं. तो विजेचे बारीक बारीक तुकडे पाडतो, दाब जास्त असेल तर उतरवतो, कमी असेल तर चढवतो, वाया जवळजवळ काहीच घालवत नाही. सासऱ्यांनी मान डोलावली होती. पटलं मात्र काडीचं नव्हतं.

रेडिओ वाजत होता खरा, पण तो आता कधीही जळेल आणि पोरीच्या माथी खापर फुटेल, या विचाराने ते स्वयंपाकघरात सासूबाईंकडे गेले.

"अगं, तिचा डबा गेलाय. पण तिला बोलू नकोस, मन मोडेल तिचं."

दुपारी त्यांनी आपला जुना डबा टेबलक्लॉथखाली लपवला, त्यावर सुनेचा ठेवला आणि रेडिओची वायर गुपचूप जुन्याला जोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेच्या डब्याला हात लावला तर चटका बसला. ते हरखलेच. एवढ्यात जळका वास आला आणि सासूबाई उलथनं घेऊनच बाहेर आल्या. टेबलक्लॉथला वीतभर भोक पडलं होतं.

सून धावत आली. तिने बॅटरीची वायर उपसली, डबा उचलला, आणि खालून जुना डबा निघाला. सासऱ्यांनी खाली मान घालून सगळं कबूल केलं. मग सुनेने आपल्या डब्याचं झाकण उघडलं, तशी त्यांची नजर आत गेली.

"हा बल्ब कशाला आत?"

सून ओशाळली. "काल दारात चपला घालताना तुमचं बोलणं ऐकलं, बाबा. तुमच्या हाताला जरा कोमट लागावं म्हणून रात्री बसवला."

सासूबाईंनी दोघांकडे पाहिलं, बल्ब काढायला लावला, जुना डबा उचलून माळ्यावर टाकला आणि दोघांनाही टेबलापासून लांब बसवलं. सुनेचा डबा एकटाच जोडला गेला. रेडिओतून बातम्या इतक्या स्वच्छ आल्या की सासऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली. सून नखं कुरतडत होती.

"हे काम मला जमलं नसतं, पोरी," ते म्हणाले.

सासूबाई स्वयंपाकघरातून पुन्हा बाहेर डोकावल्या. नवऱ्याच्या तोंडून असं वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. हे रेडिओवर कोण बोललं, ते त्यांना बघायचं होतं.